कोण मावशी?

चर्चा सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती. शेजारच्या गावाहून आलेल्या एक बाई मोठ्या उत्साहाने सांगत होत्या, "मला तर ही कादंबरी त्या मावशीसाठीच आवडली." आमच्या गावच्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "कोण मावशी?"

लोक हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या दोघांनी मांडीवरची पुस्तकं चाळायला घेतली. त्यांनाही मावशी सापडेना. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या प्रती आमच्या ग्रंथालयात मी दाखल केल्या होत्या.

तीन गावं, तीन ग्रंथालयं, दोन महिने आणि सगळ्यांसाठी एकच कादंबरी, असा आमचा उपक्रम होता. कल्पना आमची नव्हे. १९९८ साली सिअ‍ॅटलमध्ये नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचावं असा घाट घातला आणि पुढे तो गावोगावी पसरला. मला सुरुवातीला ते पटत नव्हतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' असं सूत्र आहे. आम्ही प्रत्येकाला एकच पुस्तक देणार होतो. पण देवघेव टेबलावर इतकी वर्षं बसल्यावर एक गोष्ट दिसते: माणसं पुस्तक परत करताना दोन मिनिटं रेंगाळतात. त्यांना त्याबद्दल बोलायचं असतं आणि ते वाचलेलं दुसरं कुणी समोर नसतं. म्हणून मी तयार झालो.

न्यूयॉर्कमध्ये २००२ साली अशाच उपक्रमासाठी कुठलं पुस्तक घ्यायचं यावरूनच समितीत फाटलं होतं. ते वाचून निवडीच्या बैठकीला मी धास्तावूनच गेलो. पण कादंबरी तासाभरात ठरली. घोडं अडलं ते प्रतींवर. एका कादंबरीच्या आमच्याकडे सहसा दोन, फार तर तीन प्रती असतात. इथे गठ्ठ्याने लागणार होत्या. थोड्या विकत घेतल्या, थोड्या वाचकांनी घरून आणून दिल्या आणि एक अख्खं खोकं देणगीत आलं. खोकं बघून मी इतका खूश झालो, की त्याच संध्याकाळी दाखल क्रमांक टाकले, शिक्के मारले, पाठीवर बोधांक, म्हणजे फडताळावरची जागा सांगणारे क्रमांक, चिकटवले. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, त्या नावाची नोंद होतीच. तिच्याखालीच नव्या प्रती जोडून मोकळा झालो.

सभेत मी आजींच्या हातातली प्रत घेतली. शीर्षकपान उलटलं. मागच्या बाजूला, मुद्रकाच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: संक्षिप्त आवृत्ती. पानं १८८. पूर्ण कादंबरी ३१२ पानांची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, आवृत्तीगणिक बदलतो. दाखल करताना तो एकदा ताडून बघितला असता तरी खोकं तिथंच बाजूला पडलं असतं. नवशिक्यालाही मी हेच आधी शिकवतो.

उभं राहून सांगून टाकलं. "चूक माझी आहे. आमच्या गावातल्या बऱ्याच जणांनी कापलेलं पुस्तक वाचलंय." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "अहो, पण मग सांगा ना कुणीतरी, ही मावशी आहे तरी कोण?"

पुढचा पाऊण तास मी काढलेल्या प्रश्नांची यादी खिशातच राहिली. दोन गावं मावशी सांगत होती आणि तिसरं ऐकत होतं. गंमत म्हणजे सांगणाऱ्यांचंच जमेना. एक म्हणे ती कावेबाज, दुसरा म्हणे घरात तेवढी एकच शहाणी. पान काढून दाखवायला गेले तर पूर्ण प्रतींतही दोन वेगवेगळ्या छपाया निघाल्या, पृष्ठांक जुळेनात. शेवटी प्रकरणाचा आकडा सांगायचा असं ठरलं. (पुढच्या वेळी पत्रकावर पृष्ठांक द्यायचे नाहीत, ही तेवढी एक कामाची नोंद मी त्या दिवशी केली.)

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शेवटी ती मुलगी घर सोडते ते हिच्यामुळे होय! मला वाटलं, उगीच सोडते." मी ती कादंबरी तीनदा वाचलीय. हे कारण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

सभा संपल्यावर टेबलाशी आमच्या गावातल्यांची रांग लागली. सगळ्यांना पूर्ण प्रत हवी होती. मी मागणीच्या चिठ्ठ्या लिहीत बसलो आणि हाताबरोबर संक्षिप्त प्रती काढून खोक्यात टाकत होतो. इतक्यात शेजारच्या गावचे एक गृहस्थ वाकून म्हणाले, "सर, त्यातली एक मला द्या."

"अहो, ती अर्धवट आहे."

"तेच तर. ती बाई नसली तर काय होतं, ते बघतो."

मी प्रत खोक्यातून परत काढली, तारीखपट्टीवर शिक्का मारला आणि त्यांच्या हातात दिली.