मे महिन्याचा हिशेब आणि ०.८ टक्के तूट

३० जून २०२५, सोमवार. केंद्राचा जमाखर्च मांडणाऱ्या महालेखा नियंत्रकांचे मेअखेरचे मासिक लेखे त्या दिवशी आले. केंद्र सरकारचा एका महिन्याचा हिशेब साधारण पुढचा महिना संपताना प्रसिद्ध होतो. डेक्कनवरच्या आमच्या छोट्या कार्यालयातून पुण्यातल्या काही नागरी सहकारी बँकांसाठी आम्ही त्यावर दरमहा टिपण तयार करतो. या बँकांना एसएलआरसाठी, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित मालमत्तेत ठेवण्याच्या नियमासाठी, सरकारी रोखे ठेवावेच लागतात, त्यामुळे सरकारची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून इतर जमेपेक्षा जास्त झालेला खर्च, हा त्यांच्या रोजच्या धंद्याचा विषय आहे.

संध्याकाळी एका बँकेच्या ट्रेझरीतून, म्हणजे गुंतवणूक पाहणाऱ्या विभागातून, फोन आला. "अहो, बातम्यांत राजकोषीय तूट वर्षाच्या उद्दिष्टाच्या ०.८ टक्के सांगतायत. दशांश चिन्ह सरकलंय का कुठे?"

"नाही साहेब, आकडा बरोबर आहे."

"मग सरकार कर्ज कमी उचलणार, रोख्यांचे भाव चढणार. लांब मुदतीचे रोखे लगेच घेऊन ठेवायचे का? उद्या गुंतवणूक समिती आहे."

आकडा बरोबर होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नव्हता. समितीला ते पटायला हवं, तर हिशेब उलगडूनच दाखवावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे लेखे १ एप्रिलपासूनच्या बेरजेचे असतात. सुट्या महिन्याचा आकडा हवा असेल तर आधीच्या महिन्याची बेरीज वजा करायची. एप्रिलअखेर तूट होती सुमारे १.८६ लाख कोटी रुपये, उद्दिष्टाच्या ११.९ टक्के. मेअखेर ती उरली १३,१६३ कोटी. म्हणजे एकट्या मे महिन्यात सरकारकडे खर्चापेक्षा १.७३ लाख कोटी जास्त जमा झाले. हिशेबात तुटीच्या जागी शिल्लक दिसली की आमच्याकडे नियम एकच: आधी जमेची बाजू पाहायची.

जमेचे तीन भाग असतात. निव्वळ कर महसूल ३,५०,८६२ कोटी, करेतर महसूल (लाभांश, शुल्क वगैरे) ३,५६,८७७ कोटी, कर्जेतर भांडवली जमा (दिलेल्या कर्जांची वसुली, हिस्साविक्री) २५,२२४ कोटी. एकूण ७,३२,९६३ कोटी. खर्च ७,४६,१२६ कोटी, त्यात महसुली (पगार, व्याज, अनुदानं) ५,२४,७७२ आणि भांडवली (रस्ते, रेल्वे अशी कामं) २,२१,३५४ कोटी. वजाबाकी १३,१६३ येते. ही पडताळणी दरमहा करायचीच, कारण शीटमध्ये एखादी ओळ वरखाली चिकटली तर ती इथेच सापडते.

करांपेक्षा करेतर महसूल जास्त, हे चित्रच सांगतं की मोठी रक्कम एकदम आली आहे. ती होती रिझर्व्ह बँकेने सरकारकडे वर्ग केलेली वाढाव्याची, म्हणजे खर्च आणि तरतुदी भागवून उरलेल्या उत्पन्नाची, रक्कम: २,६८,५९० कोटी. घोषणा २३ मे रोजी झाली होती. आदल्या वर्षीही मे महिन्यातच २,१०,८७४ कोटी आले होते. वर्षातून एकदा येणारी ही रक्कम दोन महिन्यांच्या हिशेबात पूर्णच्या पूर्ण धरली जाते, तर पगार, व्याज, अनुदानं यांचा खर्च वर्षभर चालू राहतो.

म्हणून आम्ही ती रक्कम बाजूला काढून दोन्ही वर्षं शेजारी मांडली. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये जाहीर तूट ५०,६१५ कोटी होती. वाढावा वगळला की २.६१ लाख कोटी. २०२५ मध्ये तसाच हिशेब केला की २.८२ लाख कोटी. बातमीत तूट जवळपास पाऊण हिश्श्याने घटलेली, आणि प्रत्यक्षात वीसेक हजार कोटींनी वाढलेली. ती दोन ओळींची तालिका पाहूनच त्या दिवशीचं टिपण पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलं.

वाढ कुठून आली? भांडवली खर्चातून. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये तो सुमारे १.४४ लाख कोटी होता, या वेळी २.२१ लाख कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ. त्यातला काही भाग तुलनेच्या पायाचा आहे: २०२४ मध्ये ते दोन्ही महिने लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत गेले आणि नव्या कामांना हात लागला नाही. तरीही वर्षाच्या ११.२१ लाख कोटींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांत खर्च होणं ही चांगली गोष्ट आहे. रस्ते आणि रेल्वेचा पैसा मार्चच्या घाईत संपवण्यापेक्षा उन्हाळ्यात, पावसाआधी, कामावर लागलेला बरा. माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी ही होती आणि ०.८ टक्क्यांच्या मथळ्याखाली ती दबून गेली.

कर महसूल वाचताना आणखी एक खाचखळगा असतो. तो आकडा राज्यांचा वाटा वजा करून दिलेला असतो. या दोन महिन्यांत राज्यांना १.६३ लाख कोटी गेले, म्हणजे साधारण ८१,७३५ कोटींचे दोन हप्ते. वर्षात असे चौदा हप्ते असतात, आणि केंद्र कधी एखादा जादा हप्ता आगाऊ देतं, जसं जून २०२४ मध्ये १,३९,७५० कोटी एकदम दिले. त्या महिन्यात निव्वळ कर महसूल खाली आलेला दिसतो, वसुली मात्र कमी झालेली नसते. हप्ते मोजल्याशिवाय कराच्या वाढीबद्दल काही लिहू नये.

टक्केवारीचा छेदही तपासावा लागतो. २०२४ मधले ५०,६१५ कोटी तेव्हा ३ टक्के म्हणून छापले गेले, कारण छेदात अंतरिम अर्थसंकल्पाचे १६.८५ लाख कोटी होते. जुलैच्या पूर्ण अर्थसंकल्पात उद्दिष्ट १६.१३ लाख कोटींवर आलं. जानेवारीच्या लेख्यांपासून तर छेद सुधारित अंदाजाचा होतो. म्हणून दोन वर्षांची तुलना रुपयांत करावी, टक्क्यांत नव्हे.

इथे गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण येतेच. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला अर्थसंकल्पावरच्या पहिल्या भाषणात त्यांनी सरकारी शिलकीची अशीच चिरफाड केली होती. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवल्याने ती शिल्लक दिसते, देशाच्या भरभराटीने नव्हे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. शिल्लक दिसली की ती कशातून आली हे आधी विचारायचं, ही पद्धत पुण्याला त्यांनीच दाखवून दिलेली आहे.

आता रोख्यांचा प्रश्न. अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँक, सरकारी बँका आणि वित्तसंस्था मिळून २.५६ लाख कोटींचा लाभांश आधीच धरला होता. म्हणजे अनपेक्षित लाभ होता तो या अंदाजाच्या वरचा, १५.६९ लाख कोटींच्या वार्षिक तुटीपुढे तो किरकोळ. पहिल्या सहामाहीत ८ लाख कोटी उचलण्याचं वेळापत्रक मार्चमध्येच जाहीर झालेलं होतं आणि शुक्रवारचे लिलाव त्याप्रमाणे चालू होते. मग तूट जवळपास नसताना उचललेलं कर्ज गेलं कुठे? त्यासाठी लेख्यांतली तूट-भरणीची तालिका पाहावी. बाजारातलं कर्ज अधिक चिन्हाने येतं आणि रोख शिल्लक वाढली की ती उणे चिन्हाने. पैसा सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात साचला होता, पुढच्या महिन्यांच्या खर्चासाठी.

समितीला आम्ही लिहून दिलं: कर्जाचा पुरवठा घटेल असं या लेख्यांत काहीही नाही, रोखे घ्यायचे असतील तर इतर कारणांनी घ्या, या आकड्यावर नको.

बँकेने जादा खरेदी केली नाही. जूनअखेरचे लेखे आले तेव्हा तूट २.८१ लाख कोटी झालेली होती, उद्दिष्टाच्या १७.९ टक्के. १५ जूनचा आगाऊ कराचा हप्ता येऊनही एकट्या जूनची तूट २.६८ लाख कोटी निघाली, आणि एप्रिल-जूनची एकूण तूट आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतल्या सुमारे १.३६ लाख कोटींच्या दुपटीवर होती.