चोर कोण आणि शिकवतंय कोण

"सोड" म्हटलं की माझी कुत्री चिंगी तोंडातली वस्तू टपकन खाली टाकते, याचा मला फार अभिमान होता. सोडलं की लगेच खाऊ. पाहुण्यांसमोर तर मी हे मुद्दाम करून दाखवायचो.

मग मोजे गायब व्हायला लागले. आधी दिवसातून एकदा, पुढे पाच-सहा वेळा. ती उचलायची, मी "सोड" म्हणायचो, ती सोडायची, खाऊ. माझ्या समजुतीप्रमाणे मी चोराला सुधारत होतो.

एका ट्रेनरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हिडिओ काढा. तुम्ही ओरडायच्या आधीचा." फोन कपाटावर टेकवून ठेवला. रात्री बघितलं तर चिंगी मोजा उचलून कुठेच पळत नव्हती. सरळ माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी. मोजा पुढच्या दातांत अलगद धरलेला, शेपटी हळूहळू हलतेय. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून. थोडा वेळ वाट पाहून तिने घशातून बारीक "ऊं" काढलं. मी मान वर केली, "सो..." एवढंच म्हणालो, तोवर मोजा जमिनीवर आणि तिची नजर माझ्या खिशावर!

याला वर्तनसाखळी म्हणतात. (साखळी म्हटल्यावर मला आधी गळ्यातलीच आठवली.) खाऊ फक्त शेवटच्या कृतीचा, असा हिशेब कुत्रा करत नाही; त्याआधी ओळीने जे जे घडलं ते सगळं त्या खाऊला जोडलं जातं. "सोड" हा माझ्या लेखी हुकूम होता, तिच्या लेखी खाऊ निघाल्याची बातमी. अशी बातमी स्वतःच बक्षीस होऊन बसते, आणि तिच्या आधीची कृती, म्हणजे मोजा उचलणं, पक्की होते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कबुतरांना ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे मिळायचे. तरी आठांपैकी सहा कबुतरं गिरक्या घेणं, मान झुलवणं असलं काहीबाही करत बसली. चिंगीचं गणित निदान बरोबर तरी होतं.

रागावून उपयोग नव्हता. ओरडा बसला की काही कुत्री वस्तू घेऊन लपतात, नाहीतर घाईने गिळतात, आणि गिळलेला मोजा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन. म्हणून "सोड" तसंच ठेवलं, पण सराव तिच्या खेळण्यांवर. मोजे कपाटात बंद. मग मुद्दाम एकच मोजा जमिनीवर टाकायचा आणि ती त्याच्याकडे बघून पुढे गेली की त्याच क्षणी "शाब्बास" आणि खाऊ. हा क्षण साधणं सगळ्यात अवघड. मी दोनदा उशीर केला, तर बाईसाहेबांनी नवीच साखळी जोडली: मोज्याला नाक लावायचं, मागे सरायचं, माझ्याकडे बघायचं.

चौथ्या दिवशी प्रकरण चिघळलं. नेहमीची युक्ती चालेना म्हटल्यावर जनावर आधी जोर वाढवतं, हे मला सांगितलेलं होतं. टॉवेल आला, बूट आला, मी ढिम्म. पण टीव्हीचा रिमोट आल्यावर आतल्या सेलच्या भीतीने मी "सोड" म्हणालो आणि खाऊही दिला. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय उलट चिवट होते. त्या एका रिमोटने पुढचा आठवडा खाल्ला.

महिन्याभरात चोऱ्या जवळपास थांबल्या. मग मीच एक साखळी बांधायला घेतली: खेळणी टोपलीत टाकायची. शिकवलं उलट्या क्रमाने. आधी टोपलीच्या वर तोंडातलं सोडणं, मग एका पावलावरून आणणं, सगळ्यात शेवटी जमिनीवरून उचलणं. असं केलं की कुत्रा दर वेळी अनोळखी पायरीवरून ओळखीच्या पायरीकडे जातो, गोंधळत नाही. हे तिला पटकन जमलं.

परवा टोपली रिकामी करताना रबरी चेंडूखाली माझा मोजा सापडला. चिंगी शेजारी बसून माझ्या खिशाकडे बघत होती. खाऊ द्यावा की नाही, मला खरंच कळेना.