नैवेद्य चाखता येत नाही, म्हणून माप

आज संकष्टी, नैवेद्याला उकडीचे मोदक. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, म्हणून आजीच्या ‘अंदाजे’ला वाटीचं माप दिलेलं बरं. खवलेला नारळ 2 वाट्या, चिरलेला गूळ 1 वाटी. सारण ओलसर गोळा होताच उतरवा. जास्त परतलं की गार झाल्यावर कडक होतं, पाणी राहिलं तर मोदक फुटतो.

उकडीला मुळशी-मावळच्या आंबेमोहराची पिठी 1 वाटी, पाणी तेवढंच, मीठ, चमचाभर तूप. निम्म्या पाण्याऐवजी दूध घातलं की पारी, म्हणजे मोदकाचं आवरण, जास्त मऊ होते. हा बदल घरच्या रीतीत जरूर करावा. उकड गरम असतानाच मळायची, नाहीतर कळ्यांना, म्हणजे पारीच्या चुण्यांना, चिरा पडतात. सारण भरून वळलेले मोदक पाण्यात बुडवून चाळणीत वाफवायला ठेवा. 10-12 मिनिटं पुरे.

एखादा मोदक लेकरांना वळू द्या. कळ्या 5च आल्या तरी ताटात तोच पुढे, दुर्वांशेजारी.