बॅनक मळायचा नसतो

कॅनडातल्या सास्काटूनला आल्यावर पहिल्याच जुलैत शेजारच्या आजींनी फळांनी भरलेलं आइस्क्रीमचं डबडं आणून दिलं. गर्द जांभळी फळं, करवंदापेक्षा लहान, आणि बी दाताखाली आली की चक्क बदामाची चव. ही सास्काटून बेरी. इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेत मिसास्क्वातोमिना. शहराचं नावच या फळावरून पडलंय. आजी क्री आहेत. नातवंडं त्यांना 'कोकम' म्हणतात, म्हणजे आजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलकढीच आठवली होती. आता मीही कोकमच म्हणते.

"बॅनकमध्ये घाल," त्या म्हणाल्या. बॅनक म्हणजे यीस्टशिवायचा जाड चपटा पाव. उभ्याउभ्या प्रमाण सांगितलं: ३ कप मैदा, मोठा चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव कप चरबी, सव्वा कप पाणी, कपभर बेरी. यीस्ट नाही, फुगायला ठेवणं नाही. रोज पोळ्या करणाऱ्या बाईला यात काय अवघड?

घरात बेकिंग पावडर नव्हती, म्हणून खायचा सोडा टाकला. मग कणकेसारखं दहा मिनिटं रगडून मळलं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं. ओव्हनमधून निघाली ती वीट. बेरीभोवती हिरवट डाग, चवीला साबण. मुलाने तुकडा टेबलावर आपटून आवाज ऐकवला.

कोकमनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "किती मळलंस?" मी खरं सांगितलं तर हसून खुर्चीतच बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले. चरबी त्यांनी बोटांनी मैद्यात चोळली, आपण करंजीला मोहन चोळतो तशी. मूठ वळून पाहिली, तेही ओळखीचं. मग मध्ये खळगा करून पाणी ओतलं, काट्याने सातआठदा फिरवलं आणि थांबल्या. गोळा खडबडीत, कडेला कोरडा मैदा दिसतोय, माझे हात शिवशिवताहेत. "हात मागे," म्हणाल्या. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि ठेवून दिलं की पावडरीचा जोर सरतो. बेरी फ्रीझरमधून थेट, थोड्या मैद्यात घोळवून सगळ्यात शेवटी घातल्या, म्हणजे रंग सुटत नाही. इंचभर जाड थापलं, काट्याने टोचे मारले आणि २०० अंशांवर अर्धा तास.

ते होईपर्यंत मी विचारलं, हा तुमचा पूर्वापार पदार्थ ना? बॅनक शब्द स्कॉटिश, फरच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेला, हे मला तिथे कळलं. १८७६ साली इथून उत्तरेला फोर्ट कार्लटनला क्री लोकांचा ब्रिटिश राजसत्तेशी करार झाला, तो 'सहावा करार'. पुढच्या काही वर्षांत बायसनचे कळप संपले, लोक राखीव वस्त्यांत अडकले आणि शिध्यात मैदा यायचा. त्यांच्यातले काही जण म्हणूनच बॅनक खात नाहीत. बेरी मात्र आधीपासूनच्या, सुकवलेलं मांस आणि चरबी कुटून केलेल्या टिकाऊ पेमिकनमध्ये घालायच्या. हे सांगताना कोकमचं लक्ष ओव्हनच्या काचेकडेच होतं.

तिसऱ्यांदा मी घरी एकटीने केला. आम्ही चरबी खात नाही, म्हणून घट्ट तूप घेतलं. खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. गरम तुकडे घेऊन शेजारी गेले. कोकमनी तुपाचा वास घेतला, दोन तुकडे संपवले, बोटं पुसली.

"अजूनही मळतेसच थोडं."