शुद्धिपत्राचं पान

नागपुरात सीताबर्डीच्या बाइंडिंगवाल्याकडून आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या चारही प्रती हातात आल्या. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. सिव्हिलचं शेवटचं वर्ष, आम्ही चौघं आणि सात महिन्यांचं काम: अंबाझरी तलावाच्या खाली नाग नदीचं पात्र किती पाणी वाहून नेऊ शकतं? दुसऱ्या दिवशी अकराला सबमिशन, दोनला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा.

विषय शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरलं. आमच्या घरात ते कमरेपर्यंत होतं. भिंतीवरची त्याची रेघ रंग दिल्यावरही दर पावसाळ्यात उमटते.

संध्याकाळी मित्राच्या खोलीवर सराव सुरू झाला. एक जण एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक बनला.

"हायड्रॉलिक रेडियस म्हणजे काय?"

"पाण्याच्या क्रॉस-सेक्शनचं, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला परिघ. तळ आणि दोन्ही भिंती मिळून पाणी जेवढ्या लांबीला टेकतं, तो ओला परिघ."

पाठच होतं, झरझर सांगितलं. सांगता सांगता समोरच्या एक्सेल शीटवर नजर गेली. रेडियसच्या रकान्यात नुसती पाण्याची खोली होती.

पात्र खूप रुंद आणि उथळ असेल तर रेडियसऐवजी खोली धरली तरी चालतं. पहिल्या सेक्शनला आम्हीच तसं धरलं आणि तोच फॉर्म्युला खालपर्यंत ओढला गेला. वीस मीटर रुंद, एक मीटर खोल पात्रात क्षमतेतला फरक जेमतेम सात टक्के. पण दोन्ही बाजूंनी भिंती बांधलेल्या अरुंद भागात, जिथे रुंदी दहा मीटर आणि खोली तीन, तिथे रेडियस येतो १.८७५, आमच्या शीटमध्ये ३. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात त्याचा दोन-तृतीयांश घात घेतला की क्षमता ३७ टक्के जास्त दिसते. चूक धोक्याच्या बाजूची होती. ज्या भागाला आम्ही 'पुरेसा' असा शेरा दिला होता, तो पुरेसा नव्हता.

"एवढं कोण पाहून राहिलं बे? बाइंडिंग झालं आता," पार्टनर म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. तीन रात्री कोणीच धड झोपलं नव्हतं. पण त्या भागाच्या काठावर घरं आहेत. तिथे टेप धरून उभे असताना एका आजींनी आम्हाला चहा पाजला होता आणि विचारलं होतं, "पुन्हा येईल का रे बाबा पाणी?"

साडेनऊला गाइड मॅडमना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळे सेक्शन पुन्हा काढा. शुद्धिपत्र लावा. आणि उद्या एक्स्टर्नलनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा."

बाइंडिंगवाले काका सकाळी नऊला दुकान उघडून आमची वाट पाहत होते. "आतलं पान बदलायचं तर अख्खं पुस्तक फोडावं लागते," ते म्हणाले आणि शुद्धिपत्राची चार पानं मुखपृष्ठामागे नीट चिकटवून दिली. पैसे घेतले नाहीत.

व्हायवात पहिली स्लाइड आमच्या चुकीबद्दलच होती: जुना आकडा, नवा आकडा, कारण. एक्स्टर्नल सरांनी शांतपणे ऐकलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"हा खडबडीतपणाचा गुणांक ०.०२५ का? फोटोत तर पात्रात झुडपं दिसतात."

"सर, फोटो पावसाळ्यानंतरचे आहेत. मोजणी केली तेव्हा सफाई झालेली होती."

"मग ०.०३५ टाकून बघा."

टाकलं. पात्र जास्त खडबडीत धरल्यावर क्षमता आणखी जवळपास २९ टक्क्यांनी खाली आली. खोलीत कोणी बोलेना.

"हे रिपोर्टात का नाही?" सरांनी विचारलं.

आम्ही पेन मागितलं आणि चारही प्रतींच्या शुद्धिपत्रावर तो आकडा हाताने लिहिला. खाली चौघांनी सह्या केल्या, पाचवी सरांनी.