वॉशिंग्टनचं लग्न आणि लंडनच्या व्यापाऱ्याला पत्र

आज दिवसभर व्हर्जिनियातल्या (तेव्हाची अमेरिकेतली ब्रिटिश वसाहत) कस्टिस इस्टेटीची जुनी पत्रं वाचली. डोकं वकिली झालंय.

इस्टेटीचा मालक डॅनियल पार्क कस्टिस जुलै 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मग कायद्याप्रमाणे वाटणी: एक तृतीयांश विधवा मार्थाला, बाकी दोन लहान मुलांना. त्यातही मेख आहे. जमिनीचा तिसरा हिस्सा तिला फक्त हयातीपुरता, तो विकता येत नाही. लंडनच्या तंबाखू व्यापाऱ्यांना पत्रं सुरुवातीला तीच लिहीत होती.

6 जानेवारी 1759 ला मार्थाचं जॉर्ज वॉशिंग्टनशी (पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष) लग्न झालं नि हिशेब नवऱ्याकडे गेला. 1 मेच्या पत्रात तो लंडनच्या रॉबर्ट केरी या व्यापारी कंपनीला पाद्र्याचा लग्नाचा दाखला पाठवतो आणि यापुढची इस्टेटीची पत्रं मलाच लिहा म्हणतो. अभिनंदनाला वाव नाही, सरळ कामाचं बोलणं! मुलांचा पालक म्हणून त्यांचे हिशेब वेगळे ठेवून कोर्टाला दाखवायचे, हेही त्याच्याकडेच आलं.

ही पत्रं वाचताना हमखास फसवतात ती नाती. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असे. जावई समजलात की वंशावळ कोलमडली. दुसरं, तारखा. 1752 पूर्वी इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते 24 मार्चच्या तारखांना 1731/2 असं दुहेरी साल दिसतं: जुन्या हिशेबाने 1731, आजच्या हिशेबाने 1732. तिसरं, पौंड. व्हर्जिनियाचा स्वतःचा पौंड स्टर्लिंगपेक्षा (इंग्लंडच्या पौंडापेक्षा) हलका, त्यामुळे चलन न बघता बेरीज केलीत तर ताळा कधीच जमणार नाही.