आमची वाटचाल : मागांच्या शेजारी रॉकचं रेकॉर्डिंग

सोलापूरच्या पूर्व भागात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढतोय म्हटल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, "अन् मागांचं काय?" विचारणं रास्त होतं. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. पण जागा घरची होती, आणि भाडं भरून स्टुडिओ चालवावा एवढं भांडवल आम्हा दोघा भावांकडे नव्हतं.

सुरुवातीला जी कामं मिळतात तीच मिळाली. गणेश मंडळांची गाणी, गड्ड्याच्या यात्रेआधी सिद्धेश्वरांची भक्तिगीतं, निवडणुकीत रिक्षावर वाजवायच्या घोषणा. मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही भाषांतली गिऱ्हाइकं एका गल्लीत मिळतात, हे सोलापूरचं सुख. अशा कामाला एक कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), दोन इनपुटचा इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी), कॉम्प्युटर आणि बंद कपांचा हेडफोन पुरतो. ढोलकी लूपमधून (आधीच रेकॉर्ड केलेल्या, पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्यातून), बाकी संगीत कीबोर्डवरून. गायकाभोवती चादरी टांगल्या की आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो.

मग इंजिनिअरिंगच्या पोरांचा एक बँड आला. स्वतः लिहिलेलं मराठी रॉक गाणं, दोन इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम. पुण्याला जाऊन रेकॉर्ड करणं त्यांना परवडत नव्हतं. ड्रम कॉम्प्युटरवर वाजवून देतो म्हटल्यावर ड्रमर गिटारवाल्याकडे वळून म्हणाला, "मग आपण नुसतं फोटोला उभारायचं का बे?" त्याचं बरोबर होतं. रॉकचा जीव ड्रममध्ये असतो, आणि हातात काठी घेतलेला माणूस जसा कधी रेटतो, कधी मागे खेचतो, ते लूपमधून येत नाही. आज आमच्याकडे जे सामान दिसतं, त्यातलं निम्मं या गाण्याच्या निमित्ताने आलं.

पहिला पैसा खोलीवर गेला, माईकवर नाही. चादर वरचे, टोकदार आवाज शोषते. खालच्या सुरांना ती आडवी येत नाही. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लाट ८ मीटरहून लांब. ती चादरीला काय जुमानणार? म्हणून कोपऱ्यांत छतापर्यंत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनेल उभे केले आणि त्यावर कापड ताणलं. मागांसाठी उपाय वेगळा. त्यांचा आवाज हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो. त्यामुळे रबरावर लाकडी फरशी, त्यावर जिप्सम बोर्डाच्या दुहेरी भिंती, मधे हवेची फट, दाराला चहूबाजूंनी रबरपट्टी. भिंत जड हवी आणि फट कुठेही नको, एवढंच त्याचं शास्त्र. तरीही गाण्यातला एखादा अगदी हळू भाग असला तर आम्ही मागांच्या सुट्टीच्या दिवसाचीच वेळ देतो.

इंटरफेस आठ प्रीअँपचा (प्रीअँप म्हणजे माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) घेतला, कारण ड्रमलाच सात-आठ माईक लागतात. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, भोकात एकेजी कंपनीचा डी ११२ माईक. स्नेअरवर (तळाला तारा असलेला, झणझणणारा ड्रम) शुअर कंपनीचा एसएम ५७, टॉमवर (बाकीचे ड्रम) साधे डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारे दणकट माईक. सगळ्या ड्रमच्या वर ओव्हरहेड म्हणून छोट्या डायफ्रॅमचे (पडद्याचे) दोन कंडेन्सर, त्यांना ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माईकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागते. स्नेअरच्या खालच्या बाजूलाही माईक लावला तर त्याची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करायची, नाहीतर दोन माईक एकमेकांना खातात आणि स्नेअर फुसका वाजतो. ओव्हरहेडचं अंतर आम्ही सुताने मोजतो. शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेला धागा स्नेअरच्या मधोमध धरायचा, एका माईकपर्यंत ताणायचा, गाठ मारायची, आणि तीच गाठ दुसऱ्या माईकला लागते का बघायची. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माईक वीतभर पुढे-मागे झाला तरी स्नेअर मधोमध बसत नाही. स्नेअर फार झणझणत असला तर एक कोपरा टॉवेलने झाकतो. टॉवेलाला आपल्याकडे तोटा नाही.

एसएम ५७ बद्दल थोडं जास्त सांगतो. १९६५ पासून हा माईक बाजारात आहे, आणि बजेट तुटपुंजं असेल तर माझं मत आहे की महागडा कंडेन्सर एक घेण्यापेक्षा हे दोन घ्या. मात्र नकली माल खूप फिरतो. एका दुकानदाराने आम्हालाही गळ्यात मारला होता. आवाज पातळ वाटला म्हणून ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवला, तर कंपनी सांगते त्या २८४ ग्रॅमच्या जवळपासही नव्हता. पैसे परत मिळाले, पण महिनाभर खेटे घालून.

गिटारच्या अँपलाही हाच माईक, स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून. कोनच्या मध्यावर धरला तर आवाज धारदार, कडेकडे सरकवला तर गोल. बोटभर सरकवण्याने जे होतं ते नंतर ईक्यूने (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करून) होत नाही. पोरं स्टेजवर ठेवतात तेवढं डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) रेकॉर्डिंगला नको. कमी ठेवून तोच भाग दोनदा वाजवून घेतला आणि डावी-उजवीकडे टाकला की गिटार जास्त भारदस्त वाटते. बास डीआय बॉक्समधून (अँप-माईक न लावता गिटार थेट इंटरफेसला जोडणारी पेटी) सरळ आत. ओरडून गाणाऱ्याला आम्ही डायनॅमिक माईक देतो, तो माईक खोलीचा घुमारा कमी टिपतो.

विजेचा त्रास मात्र वेगळाच. सिंगल कॉइल पिकअपची (तारांखाली एकाच वेटोळ्याचं चुंबक असलेली) गिटार ५० हर्ट्झची गुणगुण लगेच पकडते. स्टुडिओची अर्थिंग स्वतंत्र केली, साधा इन्व्हर्टर काढून साइन वेव्हचा (गुळगुळीत लाटेची वीज देणारा) ऑनलाइन यूपीएस, म्हणजे सतत स्वतःमधूनच वीज देणारा, बसवला, तरी शेवटी गिटारवाल्याला खुर्चीसकट फिरवावं लागतं. गुणगुण जिथे सर्वांत कमी, तिकडे तोंड करून बसायचं. एक जण हसून म्हणाला, "सर, वास्तुशास्त्र बघताय का?"

आणि उन्हाळा. टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) सुरू झाला की एसी बंद, नाहीतर त्याची घरघर ओव्हरहेडमध्ये उतरते. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत तीन टेक झाले की ड्रमर भिजून चिंब, आणि ड्रमचं ट्यूनिंगही हललेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात ड्रम पहाटे सहाला सुरू करतो. गिटार आणि आवाज दुपारनंतर.

अजूनही आमचं पोट भक्तिगीतं आणि जाहिरातींवर चालतं, रॉकवर नाही. पण ड्रमसाठी आता शेजारच्या जिल्ह्यांतूनही मुलं येतात. येणाऱ्यांना एवढंच सांगणं : ड्रमला नवे हेड (वाजवायचे पडदे) आणि गिटारला नव्या तारा आधीच्या दिवशी लावून या, गाणं क्लिकवर (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीवर) वाजवायचा सराव करून या, आणि पहाटेची वेळ असेल तर येताना आमच्याही चहाचं बघा, कोपऱ्यावरची टपरी सातच्या आधी उघडत नाही.